पोस्टाशी वाद झाला तर काय करायचे? बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न मला फोनवर आले, कोर्टाच्या आवारात आले, लग्नाच्या पंगतीतही आले. विचारणारे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागातले मराठी लोक. वकिली करताना पोस्टाची प्रकरणे हाताळली तेव्हा एक गोष्ट मनात पक्की बसली. पोस्टाने तुमचे पाकीट हरवले तर कायदा बराचसा पोस्टाला सांभाळून घेतो. पोस्टात ठेवलेले पैसे गेले तर कायदा बराचसा तुमच्या बाजूला येतो. लोक मात्र नेमके उलटे वागतात. पाकिटासाठी वर्षभर भांडतात आणि पासबुकातली रक्कम गेली की कपाळाला हात लावून घरी बसतात. खालची उत्तरे वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

१. पोस्ट ही कंपनी आहे की सरकारी खाते? दावा नेमका कोणावर लावायचा?

टपाल विभाग ही कंपनी नाही. तो केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाचा विभाग आहे. त्यामुळे दिवाणी दावा लावायचा झाला तर प्रतिवादी 'युनियन ऑफ इंडिया', म्हणजे भारत सरकार असते, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची आगाऊ नोटीस द्यावी लागते. ग्राहक आयोगात जाताना ही नोटीस सक्तीची नाही. तिथे संबंधित पोस्टमास्तर, विभागाचे अधीक्षक आणि भारत सरकार अशा तिघांना सामनेवाले करा. एकट्या पोस्टमास्तरचे नाव घातले आणि मध्येच त्याची बदली झाली तर नोटिशी फिरत राहतात.

इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक (पुढे 'पोस्ट बँक') मात्र खरोखरच कंपनी आहे. तिची सगळी मालकी सरकारकडे असली, तरी ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालते. खिडकी तीच, पोस्टमन तोच, पण जबाबदार संस्था वेगळी. पैसे पोस्टाच्या बचत खात्यात होते की पोस्ट बँकेच्या, हे पासबुक किंवा कार्ड पाहून आधी ठरवा. अर्ध्या तक्रारी चुकीच्या दारात जातात त्या इथेच.

२. पतसंस्थेत एकदा हात पोळले आहेत. पोस्टातले पैसेही बुडू शकतात का?

आपल्या भागात हा प्रश्न किती दुखऱ्या जागेवरून येतो ते मला माहीत आहे. बचत खाते, आरडी, मुदत ठेव, मासिक उत्पन्न योजना, पीपीएफ, किसान विकास पत्र, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र या सगळ्या केंद्र सरकारच्या योजना आहेत. पोस्ट त्या फक्त चालवते. १ एप्रिल १९९९ पासून हा पैसा राष्ट्रीय अल्पबचत निधीत जमा होतो आणि परतफेडीची हमी सरकारची असते. बँकेतल्या ठेवीला ठेव विम्याचे पाच लाखांचे संरक्षण असते. पोस्टातल्या ठेवीच्या हमीला अशी मर्यादा नाही. पोस्ट बँक ही बँक असल्याने तिला ठेव विम्याचा नियम लागतो, आणि तिथे दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त शिल्लक ठेवताच येत नाही.

धोका सरकार बुडण्याचा नाही. तुम्ही दिलेले पैसे सरकारच्या हिशेबात पोचलेच नाहीत, हा आहे. त्याबद्दल प्रश्न ७ आणि ८ पाहा.

३. स्पीड पोस्टने पाठवलेली मूळ कागदपत्रे हरवली. किती भरपाई मिळेल?

फार थोडी. वर्षानुवर्षे चालत आलेला नियम असा: पोचायला ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर स्पीड पोस्टचे शुल्क परत, पाकीट हरवले, आतली वस्तू गेली किंवा खराब झाली तर शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. म्हणजे पन्नास रुपये शुल्क भरले असेल तर हरवल्याबद्दल शंभर. आत सातबारा होता, पदवीचे प्रमाणपत्र होते की मुलीची पत्रिका, याने आकडा बदलत नाही. अर्ज करण्याआधी त्या दिवशी लागू असलेला दर काउंटरवर विचारून घ्या, आणि बुकिंगची पावती जपून ठेवा. छापील पावतीची शाई दोन महिन्यांत उडते, म्हणून घरी आल्या आल्या मोबाइलमध्ये फोटो काढा.

४. आमचा वडगावात साड्यांचा व्यवसाय आहे. साड्यांचे पार्सल फाटून, अर्धे रिकामे पोचले. साड्यांची किंमत कोण देणार?

पार्सलचा विमा काढला असेल तर पोस्ट, नसेल तर बहुतेक वेळा कोणीच नाही. विमा काढताना जी किंमत लिहिता ती भरपाईची कमाल मर्यादा ठरते, आणि नुकसान प्रत्यक्षात जेवढे झाले तेवढेच मिळते. काही रुपये वाचवायला किंमत कमी लिहिणारे शहापूर-वडगावातले व्यापारी मी पाहिले आहेत. नुकसान झाल्यावर त्यांना त्या कमी आकड्यावरच थांबावे लागते.

पार्सल फाटके दिसले तर घेणाऱ्याने ते तसेच घरी नेऊ नये. पोस्टातच, कर्मचाऱ्यासमोर वजन करून ते उघडून द्या म्हणावे. बुकिंगच्या पावतीवर वजन छापलेले असते. तिथे दोन किलो आणि इथे सव्वा किलो भरले, तर दुसरा पुरावा शोधावा लागत नाही. ते वजन आणि आत काय सापडले याची लेखी नोंद मागून घ्या. घरी उघडून मग केलेल्या तक्रारीला फारसे बळ उरत नाही.

खासगी कुरियरचा अनुभव याहून चांगला येईल असे समजू नका. त्यांच्या पावतीमागे बारीक अक्षरात जबाबदारीची मर्यादा छापलेली असते. खाली सही केली असेल तर ती मर्यादा बांधून ठेवते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका निर्यातदाराच्या प्रकरणात ठरवले आहे.

५. कायदाच पोस्टाला वाचवतो म्हणतात. मग तक्रार करण्यात काय अर्थ?

अर्थ आहे, पण आधी ही ढाल नीट ओळखली पाहिजे. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम ६ मध्ये लिहिले होते की हरवणे, चुकीच्या ठिकाणी पोचणे, उशीर, नुकसान यांबद्दल सरकार जबाबदार नाही. सरकारने स्वतः स्पष्ट शब्दांत जेवढी जबाबदारी पत्करली असेल तेवढीच. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सांगितले की पोस्ट हे माल वाहणाऱ्या सामान्य वाहतूकदारासारखे नाही आणि पाठवणाऱ्याचे प्रतिनिधीही नाही. हे नाते कायद्यातून आलेले आहे. पुढे राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही याच कलमाचा आधार घेऊन दावे नाकारले. १८ जून २०२४ पासून टपाल कार्यालय कायदा, २०२३ लागू झाला. जुना कायदा गेला, पण ढाल राहिली. ती आता कलम १० मध्ये आहे. नियमांनी ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी.

या ढालीत एक दार ठेवलेले आहे, ते जुन्या कायद्यात होते आणि नव्यातही आहे. एखाद्या कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून नुकसान केले, उशीर केला किंवा वस्तू भलत्याला दिली, तर तो वैयक्तिकरीत्या जबाबदार ठरतो. म्हणून 'पत्र मिळाले नाही' एवढेच लिहून थांबू नका. काय घडले ते तपशिलाने लिहा. 'घर बंद' असा शेरा आहे, पण त्या दिवशी घरात बारसे होते आणि पन्नास माणसे होती. 'पत्ता अपुरा' असा शेरा आहे, पण त्याच पत्त्यावर आदल्या आठवड्यात दुसरे टपाल आले होते. पत्र न मिळाल्याने मुलाखतीला मुकलेल्या मुलाची बाजू असे तपशील उभी करतात.

ही ढाल टपालासाठी आहे. बचतीच्या पैशांचा दावा वेगळ्या कायद्यावर आणि वेगळ्या निकालांवर चालतो.

६. रजिस्टर पोस्ट बंद झाले म्हणे. मग कोर्टाची किंवा वकिलाची नोटीस कशी पाठवायची? आणि समोरच्याने घेतलीच नाही तर?

रजिस्टर सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. आता स्पीड पोस्ट करताना 'रजिस्ट्रेशन' ही जोडसेवा थोडे जादा शुल्क भरून घेता येते. मग वस्तू फक्त पत्त्यावरच्या व्यक्तीला किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच दिली जाते. नोटिशीसाठी ही जोडसेवा आवर्जून घ्या. काउंटरवर तोंडाने मागावी लागते, आपोआप लागत नाही.

घेण्यास नकार दिला, म्हणजे नोटीस पोचलीच नाही असे होत नाही. बरोबर पत्त्यावर, शुल्क भरून पाठवलेले रजिस्टर टपाल पोचले असे धरण्याची तरतूद सामान्य परिभाषा अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे. चेक न वटल्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हेच सांगितले. पण हे गृहीतक खोडून काढता येते. पोस्टमनचा शेरा खोटा होता हे समोरच्याने सिद्ध केले तर नोटीस पडते. म्हणून पाकिटावर पिनकोड, गल्ली आणि घर क्रमांक नीट घाला. नुसते 'मु. पो. नंदगड' लिहून पाठवलेली नोटीस मला एकदा परत आली होती, तेव्हापासून मी हे दोनदा तपासतो.

७. गावच्या ब्रँच पोस्टमास्तरने पैसे घेतले, पासबुकात हाताने लिहिले, आणि मोठ्या पोस्टात चौकशी केली तर खात्यात काहीच नाही. आता?

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात जास्त रडवणारा प्रश्न हा आहे. ब्रँच पोस्टमास्तर गावचाच असतो. नात्यातला असतो, कधी देवळाच्या कमिटीत असतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाड्यांत नेटवर्क नसते, 'मशीन चालत नाही, उद्या नोंद करतो' हे खरे असते आणि म्हणून त्यावर विश्वास बसतो. एका आजीने तर नऊ वर्षांचे पासबुक त्याच्याकडेच ठेवायला दिले होते, हरवू नये म्हणून.

पहिले काम: पासबुकाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा, मूळ पासबुक कोणाच्याही हातात पावतीशिवाय देऊ नका. तपासणीला घेऊन जायचे म्हटले तर पावती मागा. दुसरे: ज्या मुख्य किंवा उप टपाल कार्यालयाला ती ब्रँच जोडलेली आहे, तिथे जाऊन खात्याचा उतारा मागा. तिसरे: विभागाच्या अधीक्षकांना लेखी तक्रार आणि पोच. एकाच गावात एकाचे पैसे गेले तर सहसा दहा जणांचे गेलेले असतात. सगळ्यांनी मिळून गेलात तर जुन्या सर्व नोंदी तपासल्या जातात. चौथे: पोलिसात फिर्याद. लोकसेवकाने केलेला विश्वासघात हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (५) मधला गुन्हा आहे.

'तो माणूस पळाला, आता आम्ही काय करणार' हे उत्तर ऐकून परत येऊ नका. किसान विकास पत्रांचे पैसे परस्पर काढले गेल्याच्या एका प्रकरणात ७ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कर्मचाऱ्याने काम करताना केलेल्या लबाडीची जबाबदारी टपाल विभागावरच येते, आणि पैसे गुंतवणूकदाराला परत देण्याचा आदेश दिला. विभागाने ते पैसे नंतर त्या कर्मचाऱ्याकडून वसूल करावेत. तो त्यांचा प्रश्न आहे, तुमचा नाही. अर्जात या निकालाची तारीख लिहा.

अडचण येते ती तेव्हा, जेव्हा पासबुकात नोंदच नसते. वहीच्या कागदावर 'मिळाले' म्हणून सही, किंवा नुसताच शब्द. तिथे तो व्यवहार पोस्टाशी झाला की त्या माणसाशी खासगीत, हा वाद उभा राहतो. शिक्का आणि सही असलेली पासबुकातली नोंद, किंवा मशीनची पावती, यांपैकी एक तरी हवीच.

८. पैसे पोस्टात नाही, एजंट बाईंकडे दिले होते. त्यांनी भरलेच नाहीत.

महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या अधिकृत एजंट घरोघरी जाऊन आरडीचे पैसे गोळा करतात. त्यांनी प्रत्येक महिन्याला ठेवीदाराच्या कार्डावर सही करून द्यायची असते. कार्ड असेल आणि एजन्सी त्या काळात चालू असेल तर दावा उभा राहतो. प्रश्न ७ मधला २०२२ चा निकालही अशाच एका एजंटच्या हातून गेलेल्या प्रमाणपत्रांचा होता. पण तिथे पोस्टातल्या माणसाचा हात सिद्ध झाला होता, ही गोष्ट विसरू नका. एजंटने पैसे पोस्टाच्या दारापर्यंत आणलेच नाहीत, आणि पोस्टातल्या कोणाचा संबंध नाही, अशा प्रकरणात वाट बिकट होते. दर तीन महिन्यांनी स्वतः जाऊन पासबुक भरून आणा. चांगल्या एजंटना याचे वाईट वाटत नाही.

९. वडील वारले, पोस्टात चार लाख आहेत, नॉमिनी लावलेला नाही. कोर्टात जावेच लागेल का?

नाही. रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर मृत्यूला सहा महिने झाल्यावर वारसा प्रमाणपत्राशिवाय पैसे मिळू शकतात. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, बाकीच्या वारसांचे संमतिपत्र, नुकसानभरपाईचे हमीपत्र आणि साक्षीदार लागतात. आपल्याकडे वंशवृक्ष नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून काढावा लागतो. त्यातली नावे कन्नडमध्ये येतात, तेव्हा आधार आणि पासबुकावरच्या स्पेलिंगशी ती जुळतात का ते तिथेच उभे राहून पाहा. पासबुकावर 'बेळगाव' आणि आधारवर 'बेळगावी' असल्याने काही बिघडत नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदलले हे सगळ्यांना माहीत आहे. पण 'पाटील' आणि 'गौडा' असा फरक असेल तर तो माणूस एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र लागेल.

पाच लाखांच्या वर असेल, किंवा एकाही वारसाने सही नाकारली, तर दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणावेच लागते.

एक विनंती. बहिणींची सही भाऊबीजेच्या दिवशी, कागद न वाचता घेऊ नका. संमतिपत्रावर सही म्हणजे हिस्सा सोडणे. तिला ते समजावून सांगा, आणि मग तिने ठरवू दे.

१०. नॉमिनी म्हणून मोठ्या भावाचे नाव आहे. मग पैसे त्याचेच झाले का?

पैसे त्याच्या हातात पडतील, पण एवढ्याने ते त्याचे होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रांबाबत सांगितले की नॉमिनी हा वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा असतो; वाटणी वारसा कायद्याप्रमाणेच होते. पोस्टाने नॉमिनीला पैसे दिले की पोस्ट मोकळे होते. त्यानंतरचा वाद भावाशी, पोस्टाशी नाही.

११. जुन्या ट्रंकेत आजोबांचे पासबुक सापडले. अजून पैसे मिळतील?

प्रयत्न करा. मुदत संपून तीन वर्षांत बंद न केलेली खाती आता गोठवली जातात. ओळखपत्र आणि पासबुक देऊन ती सुरू करून घेता येतात. बरीच वर्षे कोणी विचारलेच नाही, तर खाते निष्क्रिय ठरल्यापासून सात वर्षांनी रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथूनही २५ वर्षांपर्यंत मागता येते. खातेदार वारला असेल तर प्रश्न ९ ची कागदपत्रे लागतील.

१२. पोस्टानेच खाते उघडून घेतले, आणि आता म्हणतात 'नियमात बसत नाही, व्याज मिळणार नाही'. हे चालते का?

दुर्दैवाने बहुतेक वेळा चालते. तमिळनाडूतल्या पळणीच्या देवस्थानाने मे १९९५ मध्ये एक कोटी चाळीस लाखांच्या वर रक्कम पोस्टाच्या पाच वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवली. संस्थांसाठी ती योजना १ एप्रिललाच बंद झाली होती. पोस्टमास्तरला ते माहीत नव्हते, त्याने ठेव घेतली. पुढे व्याज नाकारले गेले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही देवस्थानाची बाजू मान्य केली नाही. काउंटरवरच्या माणसाच्या चुकीने नियम बदलत नाही, असा त्याचा अर्थ.

आणखी एक प्रकरण आंध्रातल्या नेल्लोरचे. प्रमाणपत्रावर जुना १२ टक्के दर छापलेला होता. सरकारने तो आधीच ११ केला होता. १९९८ मध्ये न्यायालयाने ११ टक्केच धरले.

गावच्या तरुण मंडळांनी, देवस्थान कमिट्यांनी, भिशी गटांनी हे दोन निकाल डोळ्यांसमोर ठेवावेत. खजिनदाराच्या वैयक्तिक नावावर मंडळाचे पैसे ठेवले तर पुढे तो वारसांचा पैसा होतो, आणि संस्थेच्या नावावर ठेवायचे तर त्या योजनेत संस्थेला परवानगी आहे का हे लेखी विचारा. एकाच व्यक्तीची दोन पीपीएफ खाती, किंवा आजीने नातीसाठी उघडलेले सुकन्या खाते, हेही अनियमित खात्यांत मोडते. त्यांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सरकारी मार्गदर्शक सूचना आहेत. चौकशी लवकर करा.

१३. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार बँकेत यायचे बंद झाले. पोस्टाने अडवले का?

बहुतेक वेळा पैसे अडलेले नसतात, दुसऱ्या खात्यात पडत असतात. असे अनुदान आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. मध्यंतरी पोस्टमनने अंगठा घेऊन पोस्ट बँकेचे खाते उघडून दिले असेल आणि आधार तिथे जोडले गेले असेल, तर पैसे तिकडेच वळतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते. पुन्हा जुन्या बँकेत हवे असतील तर त्या बँकेत आधार जोडण्याचा अर्ज द्या. पडलेले पैसे पोस्टमनकडून किंवा खिडकीवरून काढता येतात.

संमती न घेता खाते उघडले गेले असेल तर आधी पोस्ट बँकेकडे तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. लोकपालाचा हा मार्ग फक्त पोस्ट बँकेसाठी आहे, पोस्टाच्या बचत खात्यासाठी नाही. मोबाइलवरून कोणी फसवून पैसे काढले असतील तर त्याच तासात १९३० वर फोन करा.

१४. तक्रार मराठीत दिली तर 'कन्नड किंवा इंग्रजीत आणा' म्हणतात. मराठी अर्ज चालतो की नाही?

चालतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार, गाऱ्हाणे दूर करण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. टपाल विभाग केंद्राचा आहे. अर्ज स्वीकारायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टने अधीक्षकांना पाठवा; पोचपावती आपोआप तयार होते. हा हक्क आपण वापरला नाही तर तो कागदावरच राहील, असे मला मनापासून वाटते.

दोन अपवाद आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये करावा लागतो. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती लेखी करून देण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर आहे. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. दुसरे म्हणजे ग्राहक आयोगात मराठी कागदपत्रांचे भाषांतर सोबत जोडावे लागते. मूळ मराठी कागद मात्र फेकू नका, पुरावा तोच असतो.

१५. तक्रारीची पायरी कोणती? आधी कुठे जायचे?

आधी जिथे घडले त्या पोस्टात, लेखी. किंवा १८०० २६६ ६८६८ या क्रमांकावर. तक्रार क्रमांक लिहून घ्या. मग विभागाचे अधीक्षक: बेळगाव आणि चिकोडी हे दोन वेगळे टपाल विभाग आहेत, आणि निपाणीकरांनी चिकोडीला लिहायचे असते. त्यावर धारवाडला उत्तर कर्नाटक क्षेत्राचे पोस्टमास्तर जनरल. केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरही नोंद करता येते. डाक अदालत, म्हणजे पोस्टाने तक्रारी ऐकायला भरवलेली बैठक, ठराविक काळाने भरते. अडकलेल्या वारसा दाव्यांना तिचा चांगला उपयोग होतो, कारण अधिकारी फाइल घेऊनच बसलेले असतात.

१६. ग्राहक आयोग बरा की स्थायी लोकअदालत?

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या (म्हणजे तुम्ही सेवेसाठी दिलेल्या रकमेच्या) तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि जिल्हा आयोगाचा निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येते. स्थायी लोकअदालतीबद्दल फार कमी लोकांना माहीत आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात टपाल सेवा 'सार्वजनिक उपयुक्तता सेवा' म्हणून नावानिशी नमूद आहे. तिथे कोर्ट फी नाही, आधी तडजोडीचा प्रयत्न होतो, तो फसला तर लोकअदालत स्वतः निकाल देते. पण तो निकाल अंतिम असतो, त्यावर अपील नाही; फार तर उच्च न्यायालयात रिट. आणि एकदा तिथे अर्ज केला की त्याच वादासाठी दुसऱ्या कोर्टात जाता येत नाही.

माझे मत विचाराल तर छोटी रक्कम, स्पष्ट कागद आणि लवकर मोकळे व्हायचे असेल तर लोकअदालत. अफरातफर, मोठी रक्कम, किंवा कायद्याचा मुद्दा असेल तर ग्राहक आयोग. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवेची मदत मागा. स्त्रियांना ती उत्पन्न न पाहता मिळते.

१७. मी चंदगड तालुक्यातला, खाते बेळगावच्या पोस्टात. तक्रार कोल्हापुरात चालेल?

चालेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापासून तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही दाद मागता येते. शिनोळीचा माणूस कोल्हापूर निवडू शकतो, तिथे मराठीचा प्रश्नही येत नाही. उलट, कामाला बेळगावात असेल तर बेळगावही चालते. विभागीय तक्रार मात्र जिथे खाते आहे त्या विभागाकडेच करायची. पूर्वीचा कायदा आठवून 'खाते तिकडे म्हणून केसही तिकडेच' असे सांगणारे अजून भेटतात.

१८. मी स्वतः ग्रामीण डाकसेवक आहे. आमची देणी कोणाकडे मागायची?

सेवेचे वाद केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाकडे जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटले की हे 'नागरी पद' आहे, म्हणजे चौकशीशिवाय काढून टाकता येत नाही. पण २०१९ मध्ये दोन निराशाजनक निकाल आले: डाकसेवक म्हणून केलेली वर्षे नियमित नोकरीच्या पेन्शनसाठी मोजली जात नाहीत, आणि ग्रॅच्युइटी कायदाही लागू होत नाही, विभागाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे मिळेल तेवढेच. डोंगरातल्या वाडीवर पावसात टपाल पोचवणाऱ्या माणसाला तीस वर्षांनंतर हे ऐकावे लागते, याचे मला वाईट वाटते.

भरतीबद्दल मुले विचारतात: कर्नाटक परिमंडळात दहावीपर्यंत कन्नड शिकलेले असणे आवश्यक आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत कन्नड हा सक्तीचा किंवा ऐच्छिक विषय म्हणून घेतलेला असेल तर चालते. गुणपत्रिकेवर तो दिसला पाहिजे.

१९. किती उशीर झाला म्हणजे हक्क जातो?

ग्राहक आयोगात वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. उशिराचे योग्य कारण दाखवले तर माफी मिळू शकते, पण 'पोस्टात खेटे घालत होतो' एवढे कारण लेखी पुराव्याशिवाय पुरत नाही. अफरातफरीत दोन वर्षे कधीपासून धरायची यावर वाद होतो. पैसे नाहीत हे तुम्हाला पहिल्यांदा कळले ती तारीख पकडून ठेवा, म्हणजे ज्या दिवशी उतारा मिळाला त्या दिवसाचा शिक्का त्या उताऱ्यावर मारून घ्या.